जरा धरता का?

सिग्नलला डावीकडून घुसणारा, आपल्या हँडलला हँडल घासून पुढं जाणारा आणि वर आपल्यालाच ‘दिसत नाय का?’ म्हणणारा माणूस एका बाबतीत मात्र संत असतो. आपल्या गाडीचा साइड स्टँड खाली राहिलेला त्याला दिसला, की त्याचा जीव खालीवर होतो. तो हॉर्न वाजवतो, बोटानं खाली दाखवतो, स्वतःची गाडी दामटून आपल्याला गाठतो आणि ‘ओ काका, स्टँड!’ असं ओरडून, आभार मानायची संधीही न देता निघून जातो. कोल्हापुरात मी तीस वर्षं गाडी चालवतोय. एवढ्या काळात ‘पुढं खड्डा आहे’ असं मला एकानंही सांगितलं नाही. स्टँडचं मात्र शेकडो जणांनी सांगितलं.

तसंच दिव्याचं. २०१७च्या एप्रिलपासून नव्या दुचाक्यांचा पुढचा दिवा भर दुपारीही आपोआप चालूच राहतो. हे सरकारनं सांगितलं, कंपन्यांनी ऐकलं, पण रस्त्यावरच्या परोपकारी मंडळींपर्यंत अजून पोचलेलं नाही. समोरून येणारा अजूनही पंजाची उघडझाप करतो. आपणही मान डोलावतो. दिवा चालूच राहतो आणि दोघंही समाधानानं आपापल्या वाटेला लागतो.

स्टँडच्या बाबतीत मात्र परोपकाराचे दिवस भरत आलेत. बऱ्याच नव्या गाड्यांत स्टँड खाली ठेवून गिअर टाकला की इंजिनच बंद पडतं. माझी बुलेट जुनी आहे, ओतीव लोखंडी इंजिनाची. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. तिला सेन्सर ठाऊक नाही. त्यामुळे गावाला पुण्य कमवायची संधी मी अजून अधूनमधून देत असतो.

हे सगळं डोक्यात यायचं कारण म्हणजे गेले चार महिने मी स्टँडच्या शोधात होतो. “स्टँड बघायला चाललोय,” असं आईला सांगितलं तर ती म्हणाली, “कोण यायचंय? गाडी किती वाजताची आहे?” आमच्या आईच्या पिढीला स्टँड म्हणजे एसटीचा, फार तर रिक्षाचा. माणूस पैसे देऊन स्टँड विकत घेतो आणि तो घरी आणतो, हे तिला पटवायला मला एक अख्खा चहा लागला.

झालं असं, की मुलगा नोकरीसाठी बेंगळुरूला गेला आणि जाताना आपली बाइक आमच्या गळ्यात घालून गेला. “बाबा, फक्त चेनकडं लक्ष ठेवा,” एवढं एकच त्यानं बजावलं. आईकडं लक्ष ठेवा, असं म्हणाला नाही. त्याच्या गाडीच्या पुस्तकात लिहिलंय, की दर ५०० किलोमीटरला चेन पुसून तिला तेल द्यावं, पावसात त्याच्याही आधी. आमच्याकडचा पाऊस बघता हे म्हणजे रोज संध्याकाळी देवापुढं दिवा लावण्यासारखंच झालं. आता चेनला तेल द्यायचं तर ती फिरली पाहिजे, ती फिरायची तर मागचं चाक फिरलं पाहिजे आणि चाक जागच्या जागी फिरायचं तर ते जमिनीवरून सुटलं पाहिजे. बुलेटला हा प्रश्नच नाही, तिला डबल स्टँड आहे. मुलाच्या गाडीला तो नाही. वजन वाचावं म्हणून देत नाहीत म्हणे. तीन-चार किलो वाचत असतील. ते चालवणारा तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या दोन पंगतींत भरून काढतो, हा हिशेब कुणी केलेला दिसत नाही.

डबल स्टँडवर गाडी घेणं ही माझ्या मते कुस्तीच्या तालमीत शिकवायची गोष्ट आहे. शाहू महाराजांनी १९१२ साली खासबागचं मैदान उभं केलं, त्या गावात हे मी बेधडक बोलू शकतो. मला वडिलांनी शिकवलं. स्टँडचे दोन्ही पाय जमिनीला टेकल्याची आधी खात्री करायची. ते टेकल्याचं हाताला कळतं, गाडी एकदम शहाण्यासारखी सरळ उभी राहते. मग स्टँडच्या जिभेवर उजवा पाय ठेवून त्यावर सगळं अंग सोडायचं. हातानं फक्त दिशा दाखवायची. “हातानं उचलायची न्हाय, पायानं दाबायची,” असं वडील म्हणायचे. आपण खाली जातो, गाडी वर येते. जो ताकद लावतो त्याला ती चितपट करते आणि जो वजन देतो त्याच्यासाठी १६०-१७० किलोचं धूड मांजरीसारखं मागं सरकून उभं राहतं. पन्नास किलोची माणसं मी ते लीलया करताना पाहिलीत आणि नव्वद किलोचे पैलवान पार्किंगमध्ये घाम पुसताना.

मुलाच्या गाडीशी हा डाव चालणार नव्हता. म्हणून पहिल्या रविवारी मी सगळ्यात साधी युक्ती केली. गाडी थोडी ढकलायची, खाली आलेल्या वीतभर चेनला तेल द्यायचं, परत थोडी ढकलायची. मी बँकेतला माणूस, आकडेमोड सुटत नाही. मागचं चाक साधारण पावणेतीन वेळा फिरलं की चेनचा एक फेरा होतो. चाकाचा परीघ दोन मीटरच्या आतबाहेर. म्हणजे गाडी पाच मीटरहून जरा जास्त ढकलली की काम फत्ते. आमच्या वाट्याचं पार्किंग आहे चार मीटर. त्यामुळे चेनचा शेवटचा हातभर तुकडा दर वेळी गेटबाहेर, भर रस्त्यात यायचा. तिथं मी उकिडवा बसलो, की भाजीवाला, पेपरवाला आणि शाळेची रिक्षा अशी क्रमानं वाहतूक तुंबायची. गाडी मागं घेऊन उलटं करून बघावं, असं मला तिसऱ्या रविवारी सुचलं. पण तोवर तेल दिलेलं कुठलं आणि न दिलेलं कुठलं हेच कळेना.

इथंच सुभेदारांचा प्रवेश झाला. आमच्या इमारतीत तळमजल्याला एक निवृत्त सुभेदार राहतात. फौजेत त्यांचा जन्म एमटीत, म्हणजे वाहनांच्या खात्यात गेला. मद्रासला १९५५ साली बुलेट तयार व्हायला लागली ती मुळात फौजेला हवी होती म्हणून, हे ते अशा थाटात सांगतात, की ऑर्डर त्यांनीच दिली असावी. मी गाडीजवळ बसलो की पाचव्या मिनिटाला त्यांच्या चपलांचा आवाज येतोच. हात पाठीमागं, नजर चेनवर.

“साहेब, इंजिन चालू करून पहिल्या गिअरात टाका की. आपोआप फिरंल.”

मी दचकलो, तसे ते हसले. मग आपला डावा हात पुढं केला आणि म्हणाले, “आमच्यातल्या एकानं असंच केलंतं. तर्जनीचं एक पेर चेनबरोबर गेलं. आता तो अंगठा दाखवूनच सगळी दिशा सांगतो.” सुभेदारांच्या हाताची बोटं शाबूत आहेत. पण गोष्ट सांगताना हात पुढं करायची त्यांची ही पद्धत मला अजून घाबरवते. फिरत्या चेनला चिंधी लावू नका. एरवी मी कुणाला सल्ला देत नाही, हा एवढाच.

मग त्यांनीच पुढचा इलाज सांगितला. साइड स्टँडवर गाडी आणखी डावीकडं कलवायची, की मागचं चाक हलकं होतं. तेवढ्यात उजवीकडून स्विंगआर्मखाली, म्हणजे मेकॅनिक ज्याला चिमटा म्हणतात त्याच्याखाली, लाकडाचा ठोकळा सरकवायचा. एक आधार स्टँडचा, एक ठोकळ्याचा, एक पुढच्या चाकाचा. तीन पाय झाले. तिवई. भौतिकशास्त्र बिनचूक होतं, पण ठोकळा नव्हता. घरात पाहिजे त्या उंचीचं लाकूड एकच सापडलं आणि ते म्हणजे पाट. तो मी उभा लावला. चाक सुटलं, चेन फिरली, तेल दिलं. आयुष्यात इतकी सुबक चेन मी पाहिली नव्हती. दुपारी घरात आवाज आला.

“अहो, सत्यनारायणाच्या पाटाला हे काळं काय लागलंय?”

तेल आहे, असं मी म्हणालो. कसलं, हे विचारल्यावर नव्वद नंबरचं, असंही म्हणालो. प्रामाणिकपणाला मर्यादा हवी, हे मला त्या दिवशी कळलं. पाट केरोसीननं पुसला, तसा डाग गेला आणि वास आला. आईनं त्याच्यावर गोमूत्र शिंपडलं. आता त्या पाटाला तीन वेगवेगळ्या काळांचे वास येतात.

त्यानंतर बायकोनं, घरातल्या कुठल्याही वस्तूला हात न लावता काय ते करा, असा हुकूम काढला. मी जुन्या कारच्या डिकीतला कात्री जॅक काढला. वस्तू नाइलाजाची, पण हुशार. तिचा स्वभाव असा, की अगदी मिटलेली असताना फिरवायला जड आणि उघडत जाईल तशी हलकी. काही नातेवाईक असे असतात. जॅक मी गाडीखाली सरकवला आणि त्याला टेकवायला जागा शोधू लागलो. मुलाच्या गाडीच्या पोटाखाली बरोबर मध्यभागी काय, तर सायलेन्सरचा डबा. पत्र्याच्या त्या डब्यावर गाडीचा भार टाकायचा म्हणजे घागरीवर कपाट ठेवायचं. निदान बुलेटवर तरी जॅक वापरावा म्हटलं, तर तिथं खाली फ्रेमचा पाइपच नाही. जुन्या बुलेटचं इंजिन हाच चौकटीचा खालचा दुवा, त्यामुळं जॅक जाऊन टेकतो तो थेट इंजिनाच्या बुडाला, तेल सोडायच्या नटाशेजारी. सुभेदार वाकून बघत होते. “साहेब,” ते म्हणाले, “गाडीला आधार पोटाला द्येत न्हाईत. पाठीला द्येतात.” हे वाक्य मी घरात ऐकवलं. बायको म्हणाली, “मग तुम्हीही तिथं पोट टेकून बसू नका.”

आणि मग मला पॅडॉक स्टँडचा शोध लागला. रेसच्या मैदानावर गाड्या ज्याच्यावर मागचं चाक उचलून उभ्या असतात तो. दोन चाकं, एक लांब दांडा, दोन शिंगं. दांडा खाली दाबला की तरफेच्या नियमानं गाडी वर. त्याचे दोन प्रकार. एकात रबराचे एल आकाराचे तळवे असतात, ते चिमट्याला खालून नुसते टेकतात. कुठल्याही गाडीला चालतात आणि कुठल्याही गाडीवरून घसरतातही. दुसऱ्यात यू आकाराची खाच असते आणि त्या खाचेत बसायला चिमट्याच्या दोन्ही बाजूंना बोल्टनं दोन गोंडे बसवावे लागतात. त्यांना कुणी स्पूल म्हणतं, कुणी बॉबिन. मी बॉबिन मागवल्या. पार्सल बायकोनं उघडलं, कारण शिलाई मशीन तिचं. लाल रंगाच्या, अंगठ्याएवढ्या अॅल्युमिनियमच्या त्या दोन बॉबिन तिनं बराच वेळ हातात धरल्या आणि विचारलं, “यात दोरा कुठून घालायचा?”

दोरा नाही तर नाही, बोल्टही जाईना. हे बोल्ट ६, ८ आणि १० मिलिमीटर अशा तीन मापांचे येतात आणि कुठल्या गाडीला कुठला, हे गाडीच्या घराण्यावर ठरतं. मी मधला मागवला होता. मी आयुष्यात कायम मधला मागवतो. चहा मीडियम, भाजी मीडियम तिखट, विमा मधला. मुलाच्या गाडीला १०चा लागत होता. तो मागवला, आला, बसला, आणि एका शनिवारी पहाटे, सुभेदार फिरायला गेलेत अशी वेळ साधून, मी स्टँड लावायला घेतला.

या ठिकाणी मला मोटारसायकल जगतातलं एक गुपित फोडायचं आहे. हा स्टँड विकताना दाखवतात तेव्हा एकटाच तरुण माणूस तो लावताना दिसतो. त्याला तीन हात असावेत. कारण गाडी आधी साइड स्टँडवरून उचलून सरळ उभी करावी लागते. एक हात तिथं. स्टँडची दोन्ही शिंगं दोन्ही गोंड्यांखाली एकदम बसवावी लागतात. दुसरा हात तिथं. आणि दांडा दाबायचा. पुढचा ब्रेक रबरबँडनं बांधून ठेवावा, गाडी मागंपुढं सरकत नाही, ही युक्ती मला ठाऊक होती आणि मी ती केलीही होती. साइड स्टँडही वर केला नव्हता. डावीकडचं शिंग बसलं. उजवीकडचं बसलं असं वाटलं. मी दाबलं.

साइड स्टँड डावीकडं असतो. उजवीकडं फक्त देव असतो. त्या दिवशी देवाच्या जागी माझी बुलेट उभी होती. मुलाची गाडी सावकाश, जवळजवळ प्रेमानं तिच्यावर कलली. बुलेट डबल स्टँडवर होती, ती तसूभर हलली नाही. जुन्या घरातली मोठी जाऊ धाकटीला रडायला खांदा देते तसं तिनं ते ओझं घेतलं. ब्रेकचा लिव्हर तेवढा गेला. आता उजवीकडं बुलेट, डावीकडं मी, मध्ये कलंडलेली गाडी, आणि सोडलं तर सगळंच जाणार. हात भरून आले. अशा वेळी ज्याला हाक मारायची असते तो माणूस नेमका आपणच टाळलेला असतो.

“सुभेदार!” मी ओरडलो. “जरा धरता का?”

ते पंचगंगेकडून फिरून येतच होते. आले, धरलं. आणि धरून झाल्यावर, गाडी सरळ झाल्यावर, पुढची पंचवीस मिनिटं त्यांनी मला सांगितलं, की हे कसं करायला नको होतं. खरं सांगायचं तर हे सगळे स्टँड लोक याच्यासाठीच घेतात. गाडी धरायला माणूस मिळतो. गल्लीत, पार्किंगमध्ये, पानटपरीवर, कुठंही ‘जरा धरता का?’ म्हटलं की दोन हात येतात. पण हातांबरोबर तोंडही येतं. लोखंडी स्टँड गाडी धरतो आणि गप्प बसतो. त्याला फौजेतली आठवण नसते, त्याच्या मेव्हण्याकडं हीच गाडी नसते आणि ‘केवढ्याला पडली?’ असं तो विचारत नाही. अडीच-तीन हजार रुपये आपण मोजतो ते या शांततेचे. २०१९च्या ऑगस्टमध्ये पुराचं पाणी आमच्या पार्किंगमध्ये शिरलं, तेव्हा इमारतीतल्या आठ माणसांनी मिळून एकेक गाडी उचलून जिन्याच्या पहिल्या टप्प्यावर नेली होती. कुणी चिमटा बघितला नाही, कुणी पोट-पाठ बघितली नाही. बुलेट वर चढवताना सुभेदार ‘एक, दोन, हेइसा’ करत होते आणि तेव्हा ते बोलत होते याचं कुणाला काही वाटलं नव्हतं. पण पूर रोज येत नाही, रविवार मात्र दर आठवड्याला येतो.

लिव्हर बदलला. त्यानंतर पॅडॉक स्टँड मी लावला, सुभेदारांना मागं उभं करून लावला. मागचं चाक सुटलं, सुरेख फिरलं. आणि तेव्हा मला या सगळ्या उद्योगातली मूळ चूक सापडली. गाडी वर आली होती किती, तर चार बोटं. मी खाली जायचा होतो तीन फूट. पन्नाशी उलटलेल्या माणसाचा प्रश्न गाडी कशी उचलायची हा नसतोच. चेनजवळ उकिडवं बसल्यावर स्वतःला परत कसं उचलायचं हा असतो. त्या दिवशी चेन पुसून झाली, तेल दिलं, आणि मग सुभेदारांनी मला बगलेत धरून उभं केलं. या कामासाठीचा स्टँड बाजारात मिळत नाही.

म्हणून काही आठवडे मी टेबल लिफ्टच्या नादी लागलो. सर्व्हिस सेंटरमध्ये असते ती. लांबलचक फळीवर गाडी चढवायची, पुढचं चाक शिकंज्यात पकडायचं, पायानं पंप मारायचा, की गाडी अख्खी कंबरेएवढी वर. मेकॅनिक उभ्यानं, देवळात पूजा करावी तसा काम करतो. छोट्या दट्ट्यावर थोडा दाब दिला की तो तेलातून जसाच्या तसा मोठ्या दट्ट्याकडं जातो आणि तिथं क्षेत्रफळाच्या पटीत ताकद होते, हा पास्कलचा नियम मी सातवी-आठवीत पाठ केला होता. तो माझ्या गुडघ्यांसाठी लिहिला होता हे चाळीस वर्षांनी कळलं. लिफ्ट सात फूट लांब. म्हणून परवानगीसाठी मी सोसायटीच्या सेक्रेटरींकडं विषय काढला.

“लिफ्ट बसवायची म्हणताय?” ते आनंदानं म्हणाले. “चौथ्या मजल्यावरचे कधीपासून मागं लागलेत.”

गैरसमज दूर केल्यावर त्यांचा चेहरा पडला. मग त्यांनी विचारलं, की ही वस्तू वाहनात धरायची की बांधकामात? वाहन असेल तर वेगळं पार्किंग शुल्क, बांधकाम असेल तर सर्वसाधारण सभा. आर्किमिडीजनं पृथ्वी उचलायला नुसती उभं राहायला जागा मागितली होती म्हणतात. त्याच्या गावात हाउसिंग सोसायटी नसावी.

शेवटी सुभेदारच म्हणाले, “साहेब, कोल्हापुरात ऱ्हाऊन स्टँड बाहीरनं मागवतासा? उद्यमनगर कशाला हाय?”

शिवाजी उद्यमनगरात ज्याचं चित्र काढता येतं ती वस्तू बनते आणि ज्याचं काढता येत नाही ती चहा पिऊन झाल्यावर बनते. तिथल्या एका फॅब्रिकेटरच्या शेडमध्ये मी गेलो. सोबत मी कागदावर आकृती नेली होती, मापं मिलिमीटरमध्ये. त्यानं ती बघितली, घडी घातली आणि तिच्यावर चहाचा ग्लास ठेवला.

“काय उचलायचंय?”

“मोटारसायकल.”

“वजन?”

“दीडशेच्या आतबाहेर.”

“म्हंजे तीनशेला धरूया.”

“दीडशे म्हटलं मी.”

“वर कोन बसलं तर?”

“कुणी बसणार नाही हो. चेन पुसायची आहे.”

“आत्ता म्हनतासा. पोरं बसत्यात.”

मग त्यानं गाडी बघितली. टेप न काढता एक सुतळी घेतली, चिमट्याच्या या गोंड्यापासून त्या गोंड्यापर्यंत ताणली, गाठ मारली आणि खिशात टाकली. माझे मिलिमीटर चहाखाली भिजत होते. मी त्याला माझं खरं दुःख सांगितलं, की लावताना एकट्याला तीन हात लागतात आणि गाडी उजवीकडं जाते. तो बराच वेळ गप्प बसला. नंतर त्यानं जे विचारलं ते मी या चार महिन्यांत ऐकलेलं सर्वांत शहाणं वाक्य होतं.

“साहेब, म्हशीला दावणीला बांधल्याबिगर धार काढतासा काय?”

आधी पुढचं चाक धरायचं, असं त्याचं म्हणणं. जमिनीवर एक खाच करायची. पुढचं चाक तिच्यात ढकललं, की पट्टी मागून वर येऊन चाकाला कुशीत घेईल आणि गाडी आपली आपण सरळ उभी राहील. मग माणसाचे दोन्ही हात मोकळे. मग मागं जाऊन निवांत स्टँड लावायचा. सगळ्या जगानं मला मागचं चाक उचलायला शिकवलं होतं. पुढचं आधी बांधायला कुणी सांगितलं नव्हतं, कारण त्यातल्या कुणाकडं म्हैस नव्हती.

आठ दिवसांनी आणायला गेलो. दीड इंची चौकोनी पाइप, तळाला अँगल, चाकांच्या जागी दोन जुनी बेअरिंग, दांडा माझ्या छातीएवढा. गोंड्यांचं अंतर कमीजास्त करता यावं म्हणून पाइपात पाइप आणि मध्ये खिट्टी. वर रेड ऑक्साइड आणि त्यावर, मी न सांगता, भगवा. दावण आणि स्टँड मिळून बावीस किलो. रिक्षात घालायला दोघं लागले. “जरा हलका चालला असता,” मी म्हणालो.

“लोखंड कमी पडलं म्हनून रडायची पाळी याय नको,” तो म्हणाला. “आनि बसायला ह्ये घ्या.” त्यानं उरलेल्या अँगलचं एक बुटकं स्टूल केलं होतं, वीत-दीड वीत उंचीचं, वर प्लायचा तुकडा ठोकून. त्याचे पैसे घेतले नाहीत. माझे गुडघे त्यानं न विचारता मोजले होते, बहुतेक सुतळीनंच.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. आईनं पाने, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर आणि विळी मांडली होती. तिच्या शेजारी हा भगवा सांगाडा आणून ठेवला. तिनं हळदकुंकू वाहिलं, झेंडू वाहिला आणि विचारलं, “हाच का तुझा स्टँड? याच्यावरनं कुठली गाडी सुटते?” बायकोनं पूजेचा पाट मुद्दाम माझ्यापासून लांबच्या बाजूला ठेवला होता.

आणि रविवारी पहाटे सहाला मी खाली उतरलो. मुलाच्या गाडीचं पुढचं चाक दावणीत ढकललं. खट्कन पट्टी वर आली. हात सोडला. गाडी उभी. नुसती उभी! मागं गेलो, शिंगं दोन्ही गोंड्यांखाली घातली, दांड्यावर अंग सोडलं. हातानं उचलायची नाही, पायानं दाबायची. इथं हातानंच दाबायची होती, पण तत्त्व वडिलांचंच. चाक सुटलं. स्टुलावर बसलो, एका हातानं चाक फिरवलं, दुसऱ्या हातानं तेल दिलं. पावणेतीन फेरे. एकट्यानं. सगळीकडं चिडीचूप, फक्त चेनचा बारीक खुळखुळ आवाज.

पाचव्या मिनिटाला चपला वाजल्या.

सुभेदार आले, उभे राहिले, हात पाठीमागं. दावण बघितली, खिट्टी बघितली, बेअरिंग बोटानं फिरवून बघितली. काही बोलले नाहीत. मग हळूच पुढं आले आणि गाडीच्या सीटवर एक हात ठेवून उभे राहिले.

“धरायची गरज नाही आता,” मी म्हणालो.

“ठावं हाय,” ते म्हणाले आणि हात तसाच ठेवला. थोड्या वेळानं म्हणाले, “चेन जरा सैल वाटती.” ती होती.

ती ताणून झाल्यावर ते आत गेले आणि आपली चेतक ढकलत घेऊन आले. मागचं चाक काढून स्टेपनी बसवायची होती. चेतकला गोंडे नाहीत आणि चिमटाही नाही. तिचं पुढचं चाक इतकं लहान, की दावणीच्या पट्टीला ते लागेचना, खाचेत नुसतं खुळखुळलं. तिचा स्वतःचा स्टँड गंजून वाकलेला, एका बाजूला टेकायचा, दुसऱ्या बाजूला नाही. बावीस किलो लोखंड भगव्या रंगात बाजूला उभं राहिलं. सुभेदारांनी माझ्याकडं बघितलं.

“साहेब, जरा धरता का?”

मी अर्धा तास ती स्कूटर कलती धरून उभा होतो आणि त्या अर्ध्या तासात मी त्यांना सांगितलं, की हे कसं करायला नको होतं.

नंतर मिसळीचा कट आणायला मी बुलेट काढली. मन भरून आलं होतं. महाद्वार रोडच्या अलीकडं एक कॉलेजचा पोरगा मागून जोरात आला, माझ्या बरोबरीला गाडी घेतली आणि ओरडला, “ओ काका, स्टँड!”

इतक्यात बातमी गावभर झाली? मला फार बरं वाटलं. “उद्यमनगरात करून घेतला!” मी ओरडून सांगितलं. “दावणीसकट! सुतळीनं माप घेतात!”

त्यानं माझ्याकडं एकदा बघितलं, खाली बोट दाखवलं आणि निघून गेला.